मी मेलो की घर वाचतं

मी अरोवाना बोलतोय. जात मासा, मुक्काम पुंडलिकनगर, हॉलमधली काचेची टाकी, देव्हाऱ्याच्या शेजारी. माशाला बोलता येत नाही असं तुमचं मत असेल तर असू द्या. आम्ही जन्मभर तोंड उघडतो-मिटतो ते काही जांभया देत नसतो. अंगावर चांदीच्या नाण्यांसारखे खवले, हनुवटीला दोन मिशा, माणसाच्या हिशोबानं वय पन्नाशीकडं झुकलेलं, आणि स्वभाव थापाड्या. हे शेवटचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर भांडण नको. माझ्या गोष्टीत थापा आहेत. पण तुम्ही ज्याला थाप म्हणाल ते बहुतेक खरं निघेल.

आता हेच घ्या. मी बापाच्या तोंडात जन्मलो.

आमच्यात आई अंडी घालते आणि बाप ती तोंडात घेऊन बसतो. पिल्लं पोहायला लागेपर्यंत तो अन्नाला शिवत नाही. आमचा बापही तसाच उपाशी बसला होता, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा शेततळ्यात. एक दिवस तळ्याची माणसं आली. त्यांनी बाप जाळ्यात धरला, दोन बोटं घालून जबडा फाकवला आणि बादलीवर उलटा धरून झटकला, उशीचा अभ्रा झटकतात तसा. आम्ही भराभर बादलीत पडलो. पोटाशी अंड्याचा बलक अजून लोंबत होता. बापाला परत तळ्यात सोडलं. तो रिकामं तोंड मिटून खाली गेला.

ही थाप नव्हती. थाप ही आता येते. माझा पणजोबा मोठ्या नदीतला. पुरात पाणी झाडांच्या फांद्यांना टेकायचं, आणि तो पाण्यातून उसळी मारून फांदीवरचे किडे, बेडूक उचलायचा, एकदा तर झोपलेलं माकड उचलून आला. माकडाच्या हातात केळं होतं, तेही गेलं. बरं, माकड सोडा, केळंही सोडा. उसळी खरी. आमचं अंगच उसळीसाठी घडलंय. पाठ सरळ, तोंड वर उघडणारं, डोळे वर पाहणारे. खाली बघायला आम्हाला कुणी शिकवत नाही. ते मी इथं येऊन शिकलो.

विमानानं आलो. सांगायला बरं वाटतं. प्रत्यक्षात प्लास्टिकची पिशवी, वर रबर, बाहेर थर्माकोलचं खोकं, आणि माझ्यासारखी बरीच पोरं आपापल्या पिशवीत. उतरलो तेव्हा काहींचं पाणी गढूळ झालं होतं आणि ती हलत नव्हती. उरलेल्यांना मोतीरामच्या शोभेच्या माशांच्या दुकानात एकेका प्लास्टिकच्या ग्लासात ठेवलं. होय, ज्या ग्लासात तुम्ही लग्नात मठ्ठा पिता, त्यातच.

तिथं इंद्रजीत आला. मूळ गंगापूरकडचा, गावाकडं शेती, वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करायचं छोटं वर्कशॉप. बोटांत अंगठ्या, कपाळाला टिळा, खिशात दोन फोन.

"आधीचा कुठं गेला, मालक?" मोतीरामनं विचारलं.

"गेला. पण काम करून गेला."

"मंग हा बी करंल. जातच तशी हाय."

"केवढा होतो हा? जास्त मोठा नको बाबा. देव्हाऱ्याच्या बाजूला दोन हात जागा हाय, तेवढ्यातच टाकी बसती."

"टाकीएवढाच होतो. छोटी टाकी, छोटा मासा. भिंत फोडून थोडाच वाढणार हाय?"

इंद्रजीतला पटलं. हे वाक्य सगळ्यांनाच पटतं. पायाला लहान चप्पल घातली तर पाय लहान राहत नाही, वाकडा होतो, हे प्रत्येकाला स्वतःच्या पायाबद्दल माहीत असतं. दुसऱ्याच्या पाठीबद्दल नसतं.

टाकीत एक जुना भाडेकरू होता. लाल रंगाचा, गोल, पोपटासारख्या चोचीचा मासा. लोक त्याला पॅरट म्हणतात. निसर्गानं असला मासा केलेलाच नाही. माणसानं दोन जातींचा संकर करून शोभेला बनवला. चोच मात्र नीट जमली नाही, तिची फट मिटत नाही. मी त्याला लाल्या म्हणायचो. तोंड मिटत नसल्यामुळं त्याच्या पोटात गोष्ट राहायची नाही. त्यानं पहिल्याच दिवशी मला सगळा इतिहास सांगितला.

माझ्याआधी इथं दोघं होऊन गेले. पहिला असताना एकदा इंद्रजीत वाळूजहून मोटारसायकलवर येत होता. मालाचा टेम्पो त्याला घासून गेला, कोपर सोलवटलं, जीव वाचला. घरी येऊन पाहतो तर मासा फरशीवर मरून पडलेला. "टाकीला झाकणच नव्हतं," लाल्या म्हणाला. "त्यानं उसळी मारली. दुपारभर सोफ्याखाली तडफडत होता. घरात टीव्ही चालू होता."

पण श्रीनिवासरावांनी वेगळा अर्थ लावला. हे इंद्रजीतचे वास्तूचे सल्लागार. पूर्वी बँकेत मोठे अधिकारी होते. आता निवृत्तीनंतर लोकांना भिंती पाडायला सांगतात. ते म्हणाले, "तुमच्यावरचं त्यानं अंगावर घेतलं. मासा घराचा राखणदार असतो. फक्त वेळ जुळली पाहिजे हो. ज्या दिवशी संकट, त्याच दिवशी मासा. आधीमधी गेला तर ते पुण्य ज्याचं संकट त्या दिवशी असेल त्याच्या नावावर."

दुसरा आला. इंद्रजीतच्या मुलीला, श्रेयाला, डेंग्यू झाला. तिचा ताप उतरला त्या दिवशी हाही उलटा तरंगत होता. त्या सकाळी चौकशीला पाहुणे येणार म्हणून टाकीतलं सगळं पाणी काढून नळाचं ताजं पाणी भरलं होतं. त्या पाण्याला औषधाचा वास असतो. तुम्हाला तो स्वच्छ वाटतो. आमच्या कल्ल्यांना तो मिरचीची धुरी दिल्यासारखा लागतो. लाल्या कसाबसा तगला.

दोघांनाही इंद्रजीतनं पांढऱ्या फडक्यात गुंडाळून गाडी काढून पैठणला नेलं आणि हात जोडून गोदावरीत सोडलं. जिवंतपणी ज्यांना वळायला पाणी मिळालं नाही, त्यांना मेल्यावर नदी मिळाली.

आता यातली मेख बघा. टाकीला झाकण नव्हतं, पाणी चुकीचं भरलं, असं कुणी म्हटलं तर राखण खोटी ठरते. मग टेम्पोपासून वाचला तो नुसता वाचला, आणि ताप उतरला तो औषधानं. एवढं साधं कुणाला हवं असतं? म्हणून या घरात माशाच्या मरणाचा कौतुकसोहळा झाला आणि चूक तशीच राहिली. मी त्या चुकीतच राहायला आलो.

मी वाढलो. टाकी वाढली नाही. नाक एका काचेला, शेपूट दुसऱ्या काचेला लागायला लागलं. वळायचं म्हणजे अंगाची घडी घालायची. हळूहळू पाठीला बाक आला. माझ्या पुढ्यात खाण्याच्या गोळ्या टाकायचे, त्या तळाशी जाऊन बसायच्या, म्हणून खाली बघत राहिलो, आणि वर पाहायला घडलेला उजवा डोळा एक दिवस खाली लोंबला तो लोंबलाच. श्रेयानं त्याचा व्हिडिओ काढला. "बघा, हा डोळा मारतोय." खूप लोकांना आवडला म्हणे.

फरशी ओली होते म्हणून पुढं टाकीवर झाकण आलं, आणि उसळी मारली की डोकं त्याला आपटायचं. आवाज होतो म्हणून राजनंदिनीनं, म्हणजे इंद्रजीतच्या बायकोनं, झाकणावर वरवंटा ठेवला. डोक्याला कायमची टेंगळं आली. एकदा मी वरवंट्यासकट झाकण उडवून थेट छावणीपर्यंत उडालो आणि तिथल्या जवानांची सलामी घेऊन परत आलो. ही थाप आहे. पण एवढ्या टाकीत राहून बघा, तुम्हीही मारायला लागाल.

आणि पाणी. आपल्या शहरात नळाला पाणी येईल तेव्हा येतं. आलं की घरभर पळापळ. मोटर लाव, पाइप धर, ड्रम भर, हंडे भर. अशा घरात माशाचं पाणी बदला म्हणणारा मूर्ख ठरतो. "माणसाला वापरायला नाय आन् ह्याला आंघोळ घाला?" राजनंदिनी म्हणायची. तिचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. मी मला आणा असं सांगायला गेलो नव्हतो, एवढंच म्हणतो.

मग सरूबाई आली. इंद्रजीतची आई. गावाकडून आणली, कारण गुडघे गेले होते. वरच्या खोलीत तिला चढवेना, म्हणून तिची खाट हॉलमध्ये माझ्या टाकीला लागून टाकली. दिवसभर समोर येणारं-जाणारं घर, आणि बाजूला मी.

"तुलाबी इथंच टाकलं का रं?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं. "चांगलं हाय. दोघंबी दिसण्यात राहू."

तिला माझा डोळा पाहून हसू आलं नाही. ती म्हणाली, "हा खाली काय शोधतोय, सोनं सांडलं व्हय?" दुसऱ्या दिवशी तिनं काठीनं वरवंटा सरकवला, झाकण उचललं आणि अंगणातून पकडून आणलेला नाकतोडा पाण्यावर धरला. जिवंत. पाय हलवणारा. माझ्या अंगातला पणजोबा जागा झाला. मी उसळलो. तिचा हात भिजला, पदर भिजला, गादी भिजली.

"मेल्या, बोट तोडशील," ती म्हणाली, आणि दुसरा शोधायला काठी टेकत गेली.

राजनंदिनी चिडायची. "आत्या, ते झाकण उघडू नका, फरशी ओली होती. तुम्हीच घसरून पडाल."

"पडले तर उठंल. हा तर पडूबी शकत नाय."

ते माझे सुखाचे दिवस. पाणी तेच, टाकी तीच. पण कुणीतरी माझ्या उसळीची वाट बघत होतं. लाल्याही खूश होता; माझ्या तोंडातून सुटलेले पाय त्याला मिळायचे.

उन्हाळा सरताना सरूबाईच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, हृदयाचं. त्या संध्याकाळी श्रीनिवासराव घरी आले. चहा झाला. त्यांनी तिच्या खाटेची दिशा बदलायला सांगितली आणि मग टाकीकडं पाहिलं.

"काळजी करू नका. घरात राखणदार आहे."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सरूबाईनंसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या गोळ्या बंद झाल्या. बंद केल्या असं कुणी म्हणालं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं टाकल्या असतील.

"अहो, पाणी लई हिरवं झालंय," राजनंदिनी म्हणाली. "थोडं बदलू का?"

"राहू दे आता. त्याच्या नशिबावर सोडू."

"पाप लागंल."

"कशाचं? आपण काय करतोय? काहीच तर करत नाय."

त्याच्या तोंडून बाहेर पडलेलं हे सगळ्यात खरं वाक्य.

इंद्रजीत रोज सकाळी उठून आधी देवाला हात जोडायचा, मग टाकीत बघायचा. मी हललो की त्याचा चेहरा पडायचा. एकदा माझ्यासमोर उभं राहूनच त्यानं फोन लावला. "मोतीराम, एक बारका बाजूला काढून ठेव. नाय, अजून नाय. पण ठेव."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी घरात फक्त सरूबाई होती. बाकीचे दवाखान्याच्या कागदपत्रांसाठी गेलेले; तिला रात्री भरती व्हायचं होतं. ती खाटेवर उठून बसली.

"ऐक," ती म्हणाली. "लोकं म्हणतात म्हातारीला काय, पिकलं पान. पान म्हणणारायनं एकदा स्वतः गळून बघावं. मला मरायचं नाय रं. मला अजून वांग्याचं भरीत खायचंय. मला गावाकडं जाऊन जावेशी भांडायचंय. माझं भांडण अर्धं राह्यलंय."

मी काचेपाशी आलो. मला वाटलं, नाकतोडा.

"तू गेला तर मी राहीन म्हणतात. खरं-खोटं मला काय म्हाईत. पण मी भ्याले."

तिनं काठी लांब केली, टाकीत हवा सोडणाऱ्या पंपाच्या, भिंतीवरच्या पिनेत अडकवली आणि ओढली. बुडबुडे थांबले. मग तिनं माझ्याकडं पाठ केली आणि तोंडावर पदर घेतला.

पाणी आधीच सडलेलं, त्यात हवा बंद. आधी कल्ले जड झाले, मग शेपूट. आमच्या लोकांना एक विद्या येते: पाण्याच्या अगदी वरच्या सायीत थोडा प्राण असतो, तो ओठानं ओढून घ्यायचा. मी वर आलो आणि ओठ पाण्याला लावून राहिलो. लाल्याला ती विद्या नव्हती. माणसानं त्याला बनवताना ती घालायची राहून गेली.

संध्याकाळी राजनंदिनी आली. "आत्या, पंप बंद कसा?"

"लाईट गेली असंल."

तिच्या डोक्यावर पंखा फिरत होता. राजनंदिनीनं वर पंख्याकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं, लोंबणाऱ्या पिनेकडं पाहिलं. आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं श्रेयानं त्या सॉकेटला फोन चार्जिंगला लावला.

सरूबाईला ऑपरेशनसाठी आत नेलं त्या सकाळी लाल्या मेला. तळाशी, निळ्या खड्यांवर, तोंड उघडं. इंद्रजीतचा दवाखान्यातून फोन आला. राजनंदिनी म्हणाली, "गेला. पण तो नाय. लाल गेला." मग श्रीनिवासरावांना फोन झाला. लाल म्हणजे मंगळ, चालतो, असा निकाल मिळाला. ऑपरेशन उत्तम झालं. लाल्याला पैठणची नदी मिळाली. पंपाची पिन कुणीतरी परत बसवली. आता माझ्या मरणाची घाई नव्हती.

सरूबाई घरी आली. रंग सुधारला, आवाज सुधारला. तिनं स्वतःच सांगून खाट समोरच्या भिंतीला नेली, आणि टाकीकडं पाठ येईल अशी उशी ठेवली. नाकतोडे संपले. श्रेया म्हणाली, "आज्जी, ह्याला किडा देत नाहीस का गं आता?"

"मला वास सहन व्हत नाय त्याचा," सरूबाई म्हणाली.

एवढ्यावर संपलं असतं तर मी तुम्हाला कशाला बोलावलं असतं? पण मी अजून न वापरलेला होतो. घरात एक राखीव मरण शिल्लक आहे म्हटल्यावर ते कुणाच्या कामी यावं याची चढाओढ लागली. इंद्रजीतच्या वर्कशॉपचा माल मोठ्या कंपनीनं नापास केला; तो सकाळी काचेवर बोट टेकवून पुटपुटायला लागला, "ह्या आठवड्यात बघ बाबा काही." जाताना गोळ्यांचा डबा उंच कपाटावर ठेवून गेला.

आणि राजनंदिनीच्या छातीत गाठ निघाली. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं. दुपारी, सासूचा डोळा लागलेला पाहून, टाकीपाशी खाली बसून सांगितलं. "सोमवारी तपासणी हाय. सोमवारी. समजलं का? आधी नको. ह्यायच्या मालासाठी नको जाऊस."

त्यानंतर तिनं जे केलं, ते मी टाकीत आल्यापासून कुणीच केलं नव्हतं. नळाला पाणी आल्यावर तिनं एक ड्रम गच्चीवर नेला आणि पातळ फडकं बांधून उन्हात ठेवला. औषधाचा वास उडून जाईपर्यंत तसाच ठेवला. मग माझं थोडंच जुनं पाणी काढलं आणि मग्ग्यानं, माझ्या अंगावर धार पडणार नाही अशा बेतानं, नवं भरलं. पंपाच्या नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा तुंबलेला दगड घासला. स्टुलावर चढून गोळ्यांचा डबा काढला आणि बाजारातून आणलेल्या कोळंबीचे बारीक तुकडे करून वरच्या वर, तरंगतील असे सोडले. मला खाली वाकावं लागलं नाही.

म्हणजे तिला सगळं येत होतं. किती पाणी काढायचं, कसं भरायचं, मी कुठं बघून खातो. मोतीरामनं सांगितलं असेल, की तिनं बघून बघून ओळखलं असेल. सुरुवातीपासून येत होतं.

आज रविवार आहे. पाणी इतकं नितळ आहे की मला समोरची भिंत, घड्याळ आणि सरूबाईची पाठ स्पष्ट दिसते. अंगात ताकद आली आहे. उद्या सकाळी राजनंदिनी तपासणीला निघेल. निघताना तिचा हात त्या पिनेकडं जाईल की नाही, हे मी नाही सांगू शकत. तिला जगायचं आहे, आणि तिला जगता यावं असं मलाही मनापासून वाटतं. माझ्या मरणातून तिला त्यात काहीच मिळत नाही, हे तिला कसं समजावू?

माझा निरोप घ्या. जाताना एक करा. तुमच्याकडं काचेत, पिंजऱ्यात, साखळीला, खुराड्यात कुणी असेल, तर आज त्याच्यापाशी जाऊन थोडा वेळ उभं राहा. त्याला काय लागतं, ते मी सांगत बसत नाही. तुम्हाला ठाऊक आहे.